फॉर्म भरायचं दुकान, सेटलमेंट फ्री कॉलनी: चार स्टार, पाचवा का कापला ते पण सांगतो

झेरॉक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू कोण लिहितंय ओ, पण मागच्या पाच महिन्यांत मी या दुकानात जेवढा बसलोय तेवढा कॉलेजात पण बसलो नव्हतो. दुकानाला नाव नाही, बोर्डवर नुसतं "ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील" एवढंच आहे, त्यातला "ळ" पण उडालाय. कॉलनीत शिरताना डाव्या हाताला, कुणालाही अण्णाचं दुकान विचारा, सांगतील.

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडक्यात. सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी 1871 पासूनच्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची जागा. माझा आजा त्या तारेच्या आत जन्मला. मोठा झाल्यावर गिरणीत कामाला जायचा आणि परत आला की हजेरी. देश सुटला 1947 ला, आमची सुटका 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून आम्ही विमुक्त. तार गेली, नाव राहिलं. आता वस्तीला फ्री कॉलनी म्हणतात, आणि फ्री म्हणजे काय ते नोकरी मागायला गेल्यावर कळतं.

तर कामाचं बोलू. मला जात पडताळणी करायची होती, व्हॅलिडिटी म्हणतात ती. आधी बाहेरच्या एका एजंटकडे गेलो होतो, त्याने दोन हजार घेतले आणि दोन महिने "साहेब रजेवर आहेत" सांगितलं. (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.) मग आई म्हणाली अण्णाकडं जा की बे, एवढा लांब कशाला मरतोस.

अण्णाने फाइल घेतली, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न, "एकसष्टच्या आधीचा कागद कुठाय?" विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, हे त्या एजंटने मला सांगितलंच नव्हतं. आता बघा, ज्यांचं आयुष्य गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून या गावातून त्या गावात गेलं, ना सातबारा ना घरपट्टी, त्यांनी एकसष्टचा कागद आणायचा कुठून? माझ्यासोबत बाकावर एक मसणजोगी समाजातला पोरगा बसला होता, त्याची फाइल फक्त याच्यावर अडकलीय.

माझं नशीब म्हणा की काय म्हणा, अण्णा म्हणाला तुझा आजा सेटलमेंटच्या शाळेत गेला असेल तर जनरल रजिस्टरचा उतारा निघतो. निघाला. 1946 ची नोंद, आज्याचं नाव, आणि जातीच्या रकान्यात शाईने "कैकाडी". ज्या तारेमुळे आज्याला आयुष्यभर चोर म्हटलं त्याच तारेच्या आतला कागद नातवाला सवलतीसाठी पुरावा म्हणून चालतो. मी तो उतारा हातात धरून बराच वेळ गप्प बसलो होतो आणि अण्णा ओरडला, "घाम पुस आधी, शाई फुटंल."

नमुना 3 वंशावळीचं, नमुना 17 चं प्रतिज्ञापत्र, सगळं त्यानेच टाइप केलं आणि स्पेलिंगवर जीव काढला. एका दाखल्यात "कैकाडि" ऱ्हस्व होतं तर त्यासाठी मला शाळेत परत पाठवलं. तेव्हा मनात शिव्या दिल्या, पण पडताळणी समितीत माझ्या पुढच्या माणसाची फाइल एका वेलांटीवर परत आली तेव्हा कळलं. पूर्ण फाइलचे 300 घेतले, झेरॉक्स वेगळी, 2 रुपये पान. नाही म्हणायला फॅन नाही, प्रिंटर दर दहा पानांनी कागद खातो, बसायला एक बाक आणि त्याचा पण एक पाय विटेवर. सर्व्हर डाऊन असला की अण्णा सगळ्यांवर ओरडतो, जसं काय आपणच बंद केलाय.

अजून एक गोष्ट जी दुसरीकडे कोणी नीट सांगत नाही. आपल्याला राज्याच्या भरतीत विजा-अ चं, म्हणजे विमुक्त जातींचं, 3 टक्के आरक्षण आहे, पण रेल्वेचा फॉर्म भरताना केंद्रात आपण ओबीसीत, त्याचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. माझ्या वर्गातल्या दोघांनी राज्याचाच जोडला आणि गेले बाद. अण्णा फॉर्म उघडायच्या आधी हेच विचारतो. मुळेगाव तांड्याचा माझा मित्र बंजारा आहे, इथे विजा-अ, त्याचेच पाहुणे तिकडे विजापूरला एससी आणि तेलंगणात एसटी. तो म्हणतो आमची जात एसटी स्टँडवर बदलती.

आता त्या दिवसाचं. अण्णाकडे एका एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या पोरीचा प्रोजेक्ट स्पायरल बाइंडिंगला आला होता, विषय युरोपातले रोमा आणि आपले विमुक्त. लाइट गेली होती, मी बसल्या बसल्या चाळला. रोमा लोक मूळचे आपल्याकडचेच, कित्येक शतकांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान. मी मोठ्याने वाचलं तर बाकावरची म्हातारी म्हणाली, "मग आपलेच की."

पुढं होतं चेक देशातल्या ओस्त्रावा शहराचं. तिथे रोमा पोरांना मतिमंद मुलांच्या वेगळ्या शाळेत टाकायचे, इतर पोरांपेक्षा रोमा पोर तिथे जायची शक्यता 27 पट जास्त. 18 पोरांच्या वतीने केस झाली, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात, आणि 13 नोव्हेंबर 2007 ला 13 विरुद्ध 4 ने निकाल लागला की हा भेदभाव आहे. मला माझी पाचवी आठवली. वर्गात कोणाचा तरी कंपास हरवला, बाईंनी साठातल्या तिघांचीच दप्तरं उलटी केली. तिघेही आमच्या कॉलनीचे. कंपास नंतर त्या पोराच्या घरीच सापडला, पण माझ्या दप्तरातली भाकरी सगळ्या वर्गासमोर फरशीवर पडली होती ती पडलीच.

त्या प्रोजेक्टमध्ये अजून एक होतं. युरोपियन युनियनचा 2000 सालचा नियम आहे की वंशावरून नोकरीत, शिक्षणात भेदभाव करायचा नाही, आणि तो खासगी मालकाला पण लागू. मी अण्णाला विचारलं आपल्याकडं काय? कारण फेब्रुवारीत एका शोरूमला मी अकाउंटंटच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो, बीकॉम फर्स्ट क्लास, टॅली येतं, सगळं छान चाललेलं, मग साहेबांनी रेझ्युमेवरचा पत्ता वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सेटलमेंट म्हणजे... तिथलंच ना? नाही, कॅशचं काम आहे, ओळखीतला माणूस लागतो." कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

अण्णा म्हणाला, घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं. ॲट्रॉसिटीचा कायदा एससी एसटीला, आपण त्यात नाही. कैकाडी विदर्भात एससी आहेत, सोलापुरात नाहीत, म्हणजे तू नागपूरचा असतास तर निदान पोलीस स्टेशनात जाऊन बसला असतास. हे तो प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत ओढत सांगत होता.

आणि इथंच माझा पाचवा स्टार कापला गेला. अण्णा सगळ्या पोरांच्या रेझ्युमेत पत्ता बदलून देतो. सेटलमेंट काढतो आणि नुसतं "सोलापूर" आणि पिनकोड. मला न विचारता माझ्यातून पण काढलं. मी म्हणलं अण्णा, परत टाका. तो म्हणाला, "पोट भरू दे आधी, मग टाक." बरोबर आहे त्याचं, त्याच्याकडून गेलेल्या चारपाच पोरांना कॉल आलेत, मला माहितीय. पण मग पोलीस पडताळणीचा फॉर्म भरताना तोच अण्णा पूर्ण पत्ता टाकतो, तिथे लपवता येत नाही, आणि मालकाला शेवटी कळतंच. आमचं यावरून चांगलं वाजलं. शेवटी त्याने दोन्ही प्रिंट काढल्या, पैसे एकीचेच घेतले. दोन्ही माझ्या फाइलीत आहेत. परवा एका सीएच्या ऑफिसात जायचंय, कुठली द्यायची अजून ठरलं नाही.

बाकी जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत जा, नंतर शाळेच्या दाखल्यांची गर्दी होते. सुट्टे न्या, फोनपे निम्म्या वेळा चालत नाही. आणि 31 ऑगस्टला जाऊ नका, शेवटची तारीख असली तरी दुकान बंदच असतं, अण्णा त्या दिवशी मिरवणुकीत हलगीच्या पुढं असतो.