काळी, लाल की खारी? लिकरिस मागवण्याआधी

दिवाळीला परदेशातून येणारा भाचा फोनवर विचारतो, "मामा, काय आणू?" आणि मागून पोरं ओरडतात, "ती लांब दोरीवाली लिकरिस!" जळगाव-धुळ्याकडे हल्ली हे घरोघरी चालतं. लिकरिस म्हणजे चघळायची चिवट मिठाई, पण या एका नावाखाली तीन वेगळ्याच वस्तू विकल्या जातात.

काळी बनते आपल्या ज्येष्ठमधापासून, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडच्या त्या पिवळसर काडीपासून. तिच्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड. इंग्लंडातल्या पॉन्टिफ्रॅक्ट गावी हिच्या वड्या आधी औषध म्हणूनच खपायच्या. १७६०च्या सुमारास जॉर्ज डनहिल नावाच्या औषधविक्रेत्याने त्यात साखर घातली आणि औषधाचा खाऊ झाला. चव मात्र उग्र, बडीशेपेच्या अंगाची. पोरं बहुधा थुंकतील. ऑलसॉर्ट्स नावाचं रंगीबेरंगी पाकीट दिसायला गोंडस, पण त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अर्क. शाकाहारी घरात आधीच सांगून ठेवा.

लाल लिकरिसमध्ये ज्येष्ठमध सहसा औषधालाही नसतो! १९२९पासूनची ट्विझलर्स नावाची अमेरिकी लिकरिस घ्या: कॉर्न सिरप, मैदा, वर स्ट्रॉबेरीचा स्वाद. जाणकार नाकं मुरडतात, मुरडू देत. खेळ हिच्यातच आहे. पीळ उलगडा, तीन पेडांची वेणी घाला, गाठी मारा, दोन्ही टोकं चावून नळी करा आणि सरबत ओढा. होळीला गळ्यातले साखरेचे हार-कंगन कुरतडत हिंडणाऱ्या खान्देशी पोराला हे शिकवावं लागत नाही.

खारी हॉलंड-फिनलंडकडची. तिच्यात चक्क नवसागर असतो, कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकून धूर काढायचा तोच. एखाद्या आगाऊ मेहुण्यासाठी छोटं पाकीट पुरे.

घरात बीपीचं माणूस असेल तर अस्सल काळी नकोच. तिने शरीरातलं पोटॅशियम उतरतं, दाब चढतो. चाळिशीपुढच्यांनी रोज ५७ ग्रॅम दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनच सांगतं. खारीतही बहुधा ज्येष्ठमध असतोच, तेव्हा तीही टाळा.

माझं मत विचाराल तर पोरांना लाल, आणि स्वतःला चव बघायची हौस असेल तर काळीचं एक लहान पाकीट. मागवायचं ते थंडीत. भुसावळच्या मे महिन्यात त्या दोऱ्या एकमेकींना अशा चिकटतात की वेणी घालायची वेळच येत नाही.