जर्मनीतलं ओ-पेअर वर्ष: कागद चोख, घड्याळ सैल

जर्मन कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची आणि सोबत भाषा शिकायची, अशी ही योजना; जाणाऱ्या तरुण-तरुणीला ओ-पेअर म्हणतात. भाषेसाठी जात असाल तर जरूर जा. पैसे साठवायचे असतील तर हा नाद सोडा. महिन्याला 280 युरो मिळतात, त्याला हातखर्च म्हणतात आणि तो हातखर्चच आहे. आठवड्याला 30 तास म्हणजे महिन्याचे साधारण 130, तेव्हा तासाला सव्वादोन युरोसुद्धा पडत नाहीत. 2025 मध्ये तिथलं किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. खोली, जेवण आणि विमा कुटुंबाकडे असतो. बाहेर दुसरं काम करायला मात्र बंदी.

नियम चांगले आहेत. वय किमान 18, आणि व्हिसाचा अर्ज करताना 27 पूर्ण झालेलं नको. जर्मन ए-1 पातळीची, म्हणजे अगदी प्राथमिक, हवी. मुक्काम किमान सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि आयुष्यात एकदाच. सहा महिन्यांत परतलात तर उरलेले सहा पुढे वापरता येत नाहीत. स्वतंत्र खोली, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून एक तरी रविवार मोकळा, वर्षाला चार आठवडे रजा. तिथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरी जायचा बेत असेल, तर तो जमत नाही: घरात जर्मन बोलली जात असली पण ती कुणाचीच मातृभाषा नसली, तर ओ-पेअर यजमानांच्या मायदेशातली चालत नाही.

घोळ होतो तो तासांत. साधा मंगळवार घ्या. 6:45 ला मुलांना उठवणं, डबे भरणं, 8:15 ला किटात म्हणजे पाळणाघरात सोडणं: दीड तास. 15:00 ला आणायचं, तिथून 18:30 च्या आबेंडब्रोटपर्यंत, म्हणजे रात्रीच्या पाव-चीजच्या थंड जेवणापर्यंत: साडेतीन तास. पाच झाले, ठीक. मग आईबाबा ‘फक्त दोन तास’ बाहेर जातात; मुलं झोपलेलीच असतात ना! तेही कामाचेच तास. सात झाले आणि दिवसाची मर्यादा सहाची आहे. यात लबाडी क्वचितच असते. झोपलेल्या मुलाजवळ नुसतं घरात असणं हे काम आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तास त्याच दिवशी लिहायचे आणि रविवारी दोघांनी मिळून बघायचे. महिनाअखेरीला बेरीज करायला बसलं की भांडण ठरलेलं.

दुसरी गळती किटाच्या बंद दिवसांची आणि मुलाच्या तापाची. त्या दिवशी सहा तासांचे नऊ होतात. करारावर सही करण्याआधी किटाच्या वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी मागा आणि त्या दिवशी रजा कोण घेणार ते विचारा. ‘बघेल कुणीतरी’ असं उत्तर आलं तर तो कुणीतरी म्हणजे तुम्हीच.

भाषावर्गाला कुटुंबाने दरमहा 70 युरो द्यायचे असतात. रोजच्या सलग वर्गाची फी याहून बरीच जास्त असते; फोल्क्सहोखशूलचे, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचे वर्ग परवडतात, पण त्यातले बरेच संध्याकाळी, नेमके मुलांच्या जेवणाच्या वेळी. वर्गाचे वार आणि वेळ करारात लिहून घ्या, नाहीतर पहिला बळी वर्गाचाच जातो आणि आलो कशाला हा प्रश्न उरतो.

आता कामाचं. किटातून मूल आणायला पालकांनी तुमच्या नावाने लेखी परवानगी दिलेली लागते. सुरुवातीचे काही आठवडे ओळखपत्र जवळ ठेवा. पावसाळी दिवशी मुलाला मात्शहोजे चढवायची, म्हणजे खांद्यावर पट्ट्या असलेली जलरोधक विजार. आधी विजार, मग बूट, विजारीचं टोक बुटाच्या बाहेरून आणि इलॅस्टिकची पट्टी बुटाच्या तळव्याखालून. विजार बुटात खोचली तर सगळं पाणी ओघळून बुटात. आणि हे सगळं करण्याआधी शू आली का विचारायचं, नंतर नाही. दोन मुलं असतील तर पंधरा मिनिटं जातात. तीही तासांत धरा.

गाडी चालवायला सांगितली तर 12 वर्षांखालच्या आणि 150 सेंटिमीटरहून बुटक्या मुलाला योग्य सीट लागतेच. ती नसेल तर सरळ नाही म्हणा. भारतीय परवाना साधारण सहा महिनेच चालतो. आठ वर्षांखालच्या मुलाने सायकल फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरूनच चालवायची, आणि सोबतच्या मोठ्यालाही फुटपाथवर सायकल चालवायची मुभा आहे.

एजन्सीची सक्ती नाही. जर्मनीतल्या एजन्सीला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त 150 युरो घेता येतात. त्याहून जास्त मागितले तर फोन ठेवा. एजन्सी खरी कळते ती कुटुंबाशी बिनसल्यावर. नोटीस सहसा 14 दिवसांची असते. उरलेल्या मुदतीसाठी दुसरं कुटुंब घेता येतं, पण परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावं लागतं. म्हणून एजन्सीला एकच प्रश्न विचारा: 14 दिवसांत नवं घर मिळालं नाही तर मी झोपायचं कुठे? उत्तर देताना अडखळणारी एजन्सी नको.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करायची असते. तिच्यासाठी घर देणाऱ्याचा दाखला लागतो, तो कुटुंबाकडून आधीच भरून घ्या. विम्याचंही कागद वाचून ठरवा: आजारपण, अपघात आणि बाळंतपण कुटुंबाने काढलेल्या विम्यात येतं, पण दातांचं काम सहसा दुखणं थांबवण्यापुरतंच, आणि आधीपासूनचे आजार बहुधा बाहेर. तिसऱ्याच्या नुकसानीचा विमाही असू द्या, आणि त्यात चावी हरवल्याचं कलम आहे ना ते बघा. एका चावीवर मुख्य दारही उघडत असेल, तर ती हरवली की अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलायची वेळ येऊ शकते, आणि 280 युरोंच्या हातखर्चातून ते बिल फिटत नाही.