वाल्स की व्रिन? आठवडा एकच असेल तर

आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलंय, स्वित्झर्लंडमध्ये सेटलमेंट स्टडीला, म्हणजे अख्ख्या गावाची रचना अभ्यासायला, वाल्स या गावी जाऊ की व्रिनला. दोन्हीकडे इलांझ या छोट्या शहरातून पिवळी पोस्टबस जाते, त्यामुळे प्रवासात फार फरक नाही.

खर्च म्हणशील तर वाल्सला आर्किटेक्ट पीटर झुमथोरचं 1996 चं थर्मल बाथ (गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह) बघायचंच असतं आणि ते महाग पडतं, शिवाय आत पाण्यात स्केचबुक थोडंच नेणार! पण तिथलाच क्वार्टझाइट दगड बाथच्या भिंतीत आणि गावातल्या घरांच्या छपरावरही दिसतो, ते बघून मटेरियल म्हणजे काय ते खरंच कळतं.

व्रिनला तिकीट नाही, नुसतं चालायचं. आर्किटेक्ट गिऑन कामिनादा त्याच गावचा, आधी सुतारकाम शिकलेला. आडवे ओंडके कोपऱ्यात एकमेकांत अडकवायची जुनी पद्धत घेऊन त्याने गोठे, कत्तलखाना, चर्चजवळची पांढरी मृतांची खोली (दफनाआधी मृताला निरोप द्यायची जागा) असं सगळं गावात बेमालूम बसवलंय, गावाचा वारसा नीट जपल्याबद्दल दिला जाणारा 1998 चा वाकर पुरस्कारही गावाला मिळालाय. कोपऱ्यातला एक जोड नीट स्केच करायला बसलास तरी सकाळ जाते.

एकाच इमारतीचं डिटेल आणि दगड शिकायचा असेल तर वाल्स. गाव, शेती, उतार हे एकत्र वाचायचं असेल तर डोळे झाकून व्रिन, मी तरी तिथेच पाठवेन.