ब्रॉयलरसाठी व्हिटॅमिन सी : पाण्यातून की खाद्यातून?

कोंबडी आपले व्हिटॅमिन सी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, त्यामुळे एरवी ते बाहेरून देण्याची गरज पडत नाही. प्रश्न उभा राहतो तो उन्हाळ्यात, पक्षी चोची उघडून धापा टाकू लागले की. तेव्हा शरीरात तयार होणारे पुरे पडत नाही. ते द्यावे, याविषयी माझे दुमत नाही. कसे द्यावे, यासाठी मात्र मी दोन्ही मार्ग काही बॅचमध्ये वापरून पाहिले.

पाण्याची बाजू वरवर भक्कम दिसते. उष्म्यात पक्षी खाणे कमी करतो आणि पाणी जास्त पितो, म्हणजे गरजेच्या दिवशी मात्राही आपोआप वाढते; हवा निवळली की दुसऱ्या दिवशी बंदही करता येते. खाद्यात एकदा मिसळलेले परत काढता येत नाही. शिवाय साध्या पुडीचा बराच भाग पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेत आणि साठवणीत नष्ट होतो, म्हणून लेपित किंवा फॉस्फेट स्वरूपातले महाग व्हिटॅमिन घ्यावे लागते.

तरीही पाण्यावरून माझे मन उडाले ते क्लोरीनमुळे. एस्कॉर्बिक आम्ल क्लोरीनला निष्प्रभ करते आणि त्यात स्वतःही खर्ची पडते; मी मात्र पाणी निर्जंतुक करायचे क्लोरीन आणि व्हिटॅमिन दोन्ही एकाच टाकीत घालत होतो. एकदा पाइपावरच्या शेवटच्या निपलच्या (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीच्या) पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवली, तर तिला रंगच चढला नाही. मग व्हिटॅमिन देण्याच्या दिवसांत क्लोरीन थांबवले, तेव्हा पुडीतल्या डेक्स्ट्रोजवर (साखरेवर) पाइपात बुळबुळीत थर धरला, निपल गळू लागले आणि त्याखालचे लिटर (जमिनीवरचे भुशाचे अंथरूण) ओले होऊन अमोनियाचा वास सुटला. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला याहून वाईट हवा कोणती द्यावी?

शिस्तीचे कुक्कुटपालक द्रावण रोज ताजे करतात, काही तासांत संपवतात, पाइप धुतात आणि मगच क्लोरीन सुरू करतात. त्यांचे उत्तम चालत असेल. माझ्याकडे मोठ्या पक्ष्यांच्या गडबडीत नेमके पाइप धुणेच राहून जात असे.

आता मी किलोमागे २०० ते २५० मिलिग्रॅम लेपित व्हिटॅमिन सी खाद्यात घेतो आणि ऊन तापण्याच्या काही दिवस आधीच सुरू करतो. पक्षी कमी खातात हा आक्षेप खरा आहे, परंतु दुपारी खाद्य बंद ठेवून पहाटे आणि रात्री देण्याची पद्धत असेल तर तो बराच सौम्य होतो. मरतुकीचा काटेकोर हिशेब मी मांडलेला नाही. दोन्ही पद्धतींत पक्षी मला साधारण सारखेच वाटले, लिटर मात्र कोरडे राहिले.

पाण्यात घालायच्या पुडीचा डबा अजून कपाटात आहे. अचानक उन्हाचा तडाखा बसला, किंवा पक्षी विक्रीसाठी उचलण्यापूर्वी खाद्य काढून घेतले, की तोच उघडावा लागतो.