विविटार २८३: फिल्म कॅमेऱ्यावर दोन वर्षं वापरलेला फ्लॅश

दोन वर्षं झाली, पेंटॅक्स के१००० वर विविटार २८३ लावून फोटो काढतोय. मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यासाठी फ्लॅश शोधत असाल तर ताकद किती, झूम आहे का हे सगळं नंतर बघा, आधी ऑटो थायरिस्टर, म्हणजे पुरेसा प्रकाश झाला की फ्लॅश आपोआप बंद करणारी सोय, आहे का ते बघा. फिल्मवर स्क्रीन नसते, चुकलं की रोल धुवून आल्यावरच कळतं, म्हणून फ्लॅशने स्वतःच प्रकाश मोजणं फार मोलाचं आहे.

२८३ च्या पुढच्या बाजूला छोटा सेन्सर आहे. फ्लॅश उडाला की समोरून परत येणारा प्रकाश तो मोजतो आणि पुरेसा झाला की तिथल्या तिथे बंद करतो, उरलेली वीज कपॅसिटरमध्येच राहते, त्यामुळे जवळचा फोटो असेल तर पुढच्या क्षणी परत तयार. सेन्सरवर रंगांच्या चार ऑटो सेटिंग आहेत. पिवळ्यावर १०० आयएसओच्या फिल्मला अ‍ॅपर्चर २.८ आणि पल्ला साधारण ४३ फूट. ४०० ची फिल्म असेल तर तेच ५.६ वर. एवढं लेन्सवर लावायचं आणि विसरून जायचं.

आणि खरी मजा बाउन्समध्ये, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश छतावर आपटवून वापरण्यात. हेड वर केलं तरी सेन्सर समोरच बघत राहतो! आजीचा फोटो काढला, खोलीत ट्यूबलाइटचा मिणमिणता उजेड, हेड पांढऱ्या छताकडे, ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट, पिवळं सेटिंग, ५.६. प्रिंटवर तिच्या गालावरची एकेक सुरकुती मऊ दिसते, मागच्या भिंतीवर काळी सावली नाही, चष्म्यात चमक नाही. फक्त बाउन्समध्ये दोनेक स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे साधारण पाव भागच उरतो, आणि छत रंगीत असेल तर कलर फिल्मवर तो रंग चेहऱ्यावर उतरतो, तेवढं ध्यानात ठेवा.

मॅन्युअलवर वापरायचा तर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, १२० फूट, १०० च्या फिल्मला. माणूस १५ फुटांवर असेल तर १२० भागिले १५, म्हणजे अ‍ॅपर्चर ८. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्तच प्रकाश द्या.

शटर स्पीड मात्र प्रत्येक वेळी बघाच. पहिल्या रोलवर मी १/१२५ ठेवला होता आणि के१००० चा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर स्पीड, १/६० आहे, त्याचा कापडी पडदा आडवा सरकतो, १/१२५ ला पूर्ण फ्रेम एका वेळी उघडीच नसते, सात फोटोंची एक बाजू काळी आली, फार वाईट वाटलं. निकॉन एफएम ला १/१२५ चालतो, लीफ शटरवाल्या (लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असलेल्या) कॅमेऱ्यांना कुठलाही स्पीड चालतो. जुन्या कॅमेऱ्यावर एक्स आणि एम अशी दोन सॉकेट असतील तर केबल एक्सलाच लावा, एम जुन्या, एकदाच जळणाऱ्या फ्लॅश बल्बसाठी असतं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. हेड वर होतं पण बाजूला वळत नाही, त्यामुळे कॅमेरा उभा धरला की बाउन्स छताऐवजी भिंतीवर जातो. पॉवर कमी करायला वेगळं मॉड्यूल लागतं, ती सोय विविटारच्याच २८५ मध्ये आतच आहे. सिंक केबलचं फ्लॅशकडचं टोक पण वेगळंच, कुठलीही केबल बसत नाही.

सेकंडहँड घेताना सेलचा कप्पा उघडून हिरवट-पांढरा गंज बघा. मग चार पेन्सिल सेल घाला, ऑटोवर ठेवून पांढऱ्या भिंतीजवळून उडवा, लगेच परत तयार झाला तर सेन्सर ठीक. प्रत्येक वेळी फुल उडून चार्ज व्हायला तेवढाच वेळ लागत असेल तर सोडून द्या. वर्षानुवर्षं पडून असेल तर चार्ज करून थोडा वेळ तसाच ठेवा, मगच उडवा. जुन्या २८३ चं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅशकडून कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारं व्होल्टेज, २०० च्या वर असू शकतं, के१००० सारख्या मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्याचं काही नाही पण डिजिटलवर न मोजता चुकूनही लावू नका. आणि काम झालं की सेल काढून ठेवा.