२+१ मितींतलं गुरुत्व: मेट्रिक धरावं की चर्न-सायमन्स?

२+१ मितींत, म्हणजे जागेच्या दोन आणि काळाची एक मिती असलेल्या विश्वात, वाइल टेन्सर (वक्रतेचा मोकळ्या जागेतून पसरू शकणारा भाग) आपोआप शून्य होतो. गुरुत्वलहरी उरत नाहीत. उरतात टोपॉलॉजी आणि सीमा. त्यांचा हिशेब मेट्रिकवरून (अंतरं ठरवणाऱ्या क्षेत्रावरून) एडीएम पद्धतीनं, म्हणजे अवकाशकाळाचे क्षणाक्षणाचे छेद पाडून, करता येतो, किंवा अचुकारो-टाउनसेंड (१९८६) आणि विटन (१९८८) यांच्या वाटेनं, म्हणजे ड्रायबाइन (प्रत्येक बिंदूवरची तीन दिशांची चौकट) आणि स्पिन कनेक्शन (ती चौकट बिंदूगणिक कशी वळते ते) एकाच गेज क्षेत्रात गुंफून; हाच चर्न-सायमन्स गेज सिद्धांत.

छेद टोरसचा (मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखा) असेल तर मेट्रिक खरोखर सुंदर चालतं. सरासरी वक्रता स्थिर असलेले छेद घ्या, तीच वक्रता काळ माना. कन्फॉर्मल गुणक (छेदाची जागोजागची मोजपट्टी) छेदभर स्थिर निघतो, तो ठरवणारं लिचनेरोविच समीकरण साधं बीजगणित होतं आणि हॅमिल्टोनियन (काळानुसार होणारा बदल ठरवणारी राशी), म्हणजे इथे छेदाचं क्षेत्रफळ, एका ओळीत मिळतो. क्वांटीकरणात त्यातलं वर्गमूळ आणि ऑपरेटरांचा क्रम छळतात, पण ते निभावतं.

जीनस २ ला, म्हणजे छेदाला दोन भोकं असली की, मात्र गाडी अडते. छेदाची स्वतःची वक्रता समीकरणात शिरते आणि ते अरेषीय आंशिक विकलक समीकरण होतं. उत्तर असतं, एकमेवही असतं, पण सूत्रात लिहिता येत नाही. ज्या हॅमिल्टोनियनचं क्वांटीकरण करायचं, तोच हाती नसतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

चर्न-सायमन्समध्ये तेच काम मोजणीवर येतं. जीनस २ च्या ४ वेढ्यांच्या ४ होलोनॉमी (वेढा पुरा करून परतताना गेज क्षेत्र घडवतं ते रूपांतर), प्रत्येकीचे ६ आकडे, एकूण २४. वेढ्यांमधल्या एका संबंधाचे ६ आणि संयुग्मनाचे (सगळ्यांची चौकट एकदम बदलण्याचे) ६ वजा केले की १२ मितींचा फेज स्पेस, म्हणजे सगळ्या शक्य अवस्थांचा संच. वैश्विक स्थिरांक ऋण असेल तर सगळं २×२ मॅट्रिक्सच्या दोन संचांत मावतं.

सांभाळायचं ते असं: गेज सिद्धांताला ड्रायबाइन शून्य झालेलंही चालतं, भूमितीला नाही. म्हणून जीनस २ पासून पुढे होलोनॉमींचा ऑयलर वर्ग (Euler class, त्यांच्यावरून निघणारा एक पूर्णांक) शक्य तेवढा मोठा आहे ना, हे आधी तपासा. नुसत्या हायपरबोलिक (फिरवणाऱ्या नव्हे, सरकवणाऱ्या) होलोनॉमी पुरेशा नाहीत. मॅपिंग क्लास ग्रुपही वेगळा लादावा लागतो; तो मोठ्या डिफिओमॉर्फिझमचा, म्हणजे छेद कापून, पिळून पुन्हा जोडल्यासारख्या रूपांतरांचा गट आहे आणि ती गेज रूपांतरांत येत नाहीत.

होलोनॉमी काळानुसार बदलत नाहीत, त्यामुळे विश्वाची उत्क्रांतीच दाखवायची असेल तर मेट्रिक बहुधा सोयीचं. अदिश क्षेत्र जोडायचं असेल तरही तेच, कारण तिथे व्यस्त मेट्रिक लागतं आणि चर्न-सायमन्सची रचना मोडते. पण शुद्ध गुरुत्व आणि वरचा जीनस असेल तर होलोनॉमीपासूनच सुरुवात करावी असं वाटतं.