पुढे मोठ्ठं 'पॅराबेन फ्री', मागे बघा काय घातलंय

बॉडी लोशन म्हणून बघायला गेलं तर वाईट नाहीये, टेक्श्चर हलकं, पटकन मुरतं, चिकचिक अजिबात नाही. तरी मी हे परत घेणार नाही आणि कोणाला घे म्हणून सांगणार पण नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पण बाटलीवर पुढे हिरव्या ठसठशीत अक्षरात पॅराबेन फ्री (पॅराबेन म्हणजे लोशन खराब होऊ नये म्हणून घालतात ती जुनी प्रिझर्व्हेटिव्ह) आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात यादीच्या अगदी शेवटी मिथाईलआयसोथायाझोलिनोन, म्हणजे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह. ते शेवटी असतं कारण 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात आणि त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात, म्हणजे लोक वाचायचं सोडतात नेमकं तिथेच प्रिझर्व्हेटिव्ह बसलेलं असतं. युरोपियन युनियनने 2017 पासून अंगावर लावून तसंच ठेवायच्या प्रॉडक्टमध्ये ह्याला बंदी घातलीये. धुऊन टाकायच्या शाम्पूबिम्पूत चालतं पण जेमतेम 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या (म्हणजे कातडीला काही लागून होणारी ॲलर्जी, पुरळ) डॉक्टरांच्या सोसायटीने तर 2013 साली ह्यालाच 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं!

मला कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर बारीक पुरळ आलं, मग कातडी कोरडी पडून सोलायला लागली आणि खाज तर विचारूच नका. ही ॲलर्जी लावल्या लावल्या दिसत नाही, एकदोन दिवसांनी वर येते, म्हणून संशय भलत्याच गोष्टींवर जातो. स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या केमिकलचे पॅच लावून 48 तास ठेवले तेव्हा नक्की कळलं. आणि ही एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, तेच केमिकल भिंतीचा रंग, भांड्याचं लिक्विड, वेट वाइप्स सगळीकडे असू शकतं, त्यामुळे आता प्रत्येक लेबल वाचणं आलं.

बरं पॅराबेन काढून काय मिळवलं? 2004 च्या एका ब्रिटिश अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडलं म्हणून सगळे घाबरले, पण त्यात निरोगी टिश्यू तपासलाच नव्हता आणि पॅराबेनमुळे कॅन्सर होतो असं त्यातून सिद्ध झालं नाही. आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल वगैरे काही पॅराबेनवर युरोपात 2014 साली बंदी आलीच, ती योग्यच, पण मिथाईलपॅराबेन तिथे आजही 0.4 टक्क्यांपर्यंत चालतं आणि त्याची ॲलर्जी फार कमी लोकांना होते. पाणी असलेल्या लोशनला प्रिझर्व्हेटिव्ह लागणारच, नाहीतर बुरशी धरेल. मग जुनं काढून हे घालायचं आणि वर सेफ म्हणून विकायचं, ही चक्क फसवणूक आहे.

वासाबद्दल, यादीत नुसतं फ्रॅग्रन्स लिहिलंय, आत काय काय आहे देव जाणे.

घ्यायचंच असेल तर आधी कोपराच्या आत एवढुसं, रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. लहान मुलांना आणि एक्झिमावाल्यांना अजिबात नको.

दोन स्टार, दोन्ही टेक्श्चरचे.